थ्रॉटल–कंट्रोलर जोडणी

थ्रॉटल–कंट्रोलर जोडणी : विद्युत दुचाकी, ई-रिक्षा अशा वाहनांत मुठीची किंवा पेडलची (थ्रॉटलची) हालचाल मोटर-कंट्रोलरला, म्हणजे मोटरला किती प्रवाह द्यायचा ते ठरवणाऱ्या पेटीला, कळवणारी तारांची जोडणी. मोटरचा प्रवाह या तारांतून जात नाही. जातो तो केवळ संकेत. बोलीत हिला ‘रेसची वायर’ म्हणतात.

‘थ्रॉटल’ या इंग्रजी शब्दाचे नाते घशाशी आहे. घसा आवळणे यावरून वाफेची वाट आवळणारी झडप असा अर्थ आला. विद्युत वाहनात झडपच नाही, शब्द मात्र टिकला. पिळायच्या मुठीचे जनकत्व वादग्रस्त आहे. वैमानिक व मोटारसायकल-निर्माते ग्लेन कर्टिस यांना ते श्रेय पुष्कळदा दिले जाते. तथापि सिल्व्हेस्टर रोपर यांच्या वाफेवरील दुचाकीत हँडल फिरवून वाफ सोडण्याची सोय त्यापूर्वीच होती. ही दुचाकी साधारणतः १८६७ ते १८६९ या काळातील मानतात. त्यांपैकी १८६९ हे वर्ष अधिक सावधपणाचे ठरेल. तेथे मूठ नव्हे, सबंध दांडा फिरत असे, म्हणून काही जण हे उदाहरण जमेस धरत नाहीत. पण तत्त्व तेच असल्याने रोपर यांचा अग्रक्रम मानणे सयुक्तिक दिसते. (कंट्रोलर बनवणाऱ्या ‘कर्टिस’ कंपनीचा ग्लेन कर्टिस यांच्याशी नावापुरताच मेळ.)

आज दुचाकींत व ई-रिक्षांत हॉल-संवेदकाचा थ्रॉटल रूढ आहे. चुंबकाच्या प्रभावाने व्होल्टेज निर्माण होण्याचा त्यामागील परिणाम एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधला. मुठीबरोबर चुंबक फिरतो, संवेदक जागचा हलत नाही. तारा तीन : लाल (५ व्होल्ट), काळी (ग्राउंड) आणि संकेताची, बहुधा हिरवी. मूठ सोडलेली असता संकेत सुमारे ०.८ व्होल्ट, पूर्ण पिळल्यावर ३.५ ते ४.२ व्होल्ट असतो. दोन्ही टोकांना सोडलेली ही जागा फार मोलाची. काळी तार तुटली तर संकेत ५ व्होल्टकडे चढतो, म्हणजे ‘फुल रेस’. चांगला कंट्रोलर ही पातळी मर्यादेबाहेरची ओळखून मोटर बंद ठेवतो, हलका कंट्रोलर चाक पूर्ण वेगाने फिरू देतो. किल्ली फिरवतानाच मूठ पिळलेली असेल तर गाडी न हलू देण्याची सोयही याच विचारातून आली. ० ते ५ किलोओहम रोधाचा थ्रॉटल हा निराळा प्रकार. कंट्रोलरमध्ये तसे सेटिंग नसेल तर एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

रंगांवर विसंबणे धोक्याचे. बॅटरीचा काटा किंवा लॉकचे बटण असलेल्या मुठीतून पाच-सहा तारा निघतात आणि त्यांतील एखादीत ४८ किंवा ६० व्होल्ट थेट असतात. ती ५ व्होल्टच्या लाल तारेला लागली की संवेदक जळालाच. मोटरमधील हॉल-संवेदकांच्या जोडणीतही लाल, काळी, हिरवी असतातच. म्हणून आधी चाक अधांतरी घ्यावे, मल्टिमीटरची काळी पिन ग्राउंडवर व लाल पिन संकेतावर धरून मूठ सावकाश पिळावी. आकडा न अडखळता चढला पाहिजे. ब्रेक दाबताच मोटर बंद करणाऱ्या ब्रेक-स्विचची तार लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

२५० वॅटपेक्षा कमी शक्तीची व ताशी २५ किमीपेक्षा कमी वेगाची, तसे चाचणी-संस्थेने प्रमाणित केलेली विद्युत दुचाकी भारतात मोटार वाहनांत मोडत नाही; पण कंट्रोलर किंवा मोटर बदलताना ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

नाशिकमध्ये खरी परीक्षा पावसाळ्यात. सातपूर-अंबड या औद्योगिक वसाहतींतील पाळीला भिजत जाणाऱ्या स्कूटरच्या हेडलाइटमागील कनेक्टरात पाणी शिरते, लाल तारेतून संकेताच्या तारेकडे गळती होते आणि सोडलेल्या मुठीचा ०.८ चा आकडा वर सरकतो. मग गाडी सिग्नलला उभी असता पुढे ओढते, किंवा सकाळी किल्ली फिरवल्यावर हलतच नाही. अशा वेळी घाईने नवा कंट्रोलर घेतला जातो. कनेक्टर उघडून सुकवला, हिरवट चढलेल्या पिना घासल्या आणि तोंड खाली करून बांधला, तर बहुधा तेवढ्यावर भागते.