मेकमायट्रिप

मेकमायट्रिप ही गुरुग्रामची ऑनलाइन ट्रॅव्हल कंपनी. विमानाची तिकिटं, हॉटेल, टूर पॅकेज, बस, सगळंच विकते. कागदोपत्री ती मॉरिशसची, शेअर अमेरिकेत नॅसडॅकवर आणि धंदा मुख्यतः भारतात, त्यामुळे कंपनी नेमकी कोणाची ह्याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

दीप कालरा यांनी ती 2000 मध्ये काढली. तेव्हा आपल्याकडे नेटवर कार्ड नंबर टाकायला लोक घाबरायचे, म्हणून गिऱ्हाईक धरलं ते अमेरिकेतल्या एनआरआयंचं, म्हणजे सुट्टीत घरी येणाऱ्यांचं. लगेच डॉटकॉमचा फुगा फुटला, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचे फुगलेले भाव कोसळले, पैसे घालणाऱ्या फंडाने हात वर केले आणि कालरा व सोबतच्या मंडळींनी कंपनी त्या फंडाकडून परत विकत घेतली. मालकी पहिल्यांदा बदलली ती अशी, नाइलाजाने.

मग 2002 ला आयआरसीटीसीचं ऑनलाइन तिकीट आलं, 2003 ला एअर डेक्कनची स्वस्त विमानं आली, लोकांना सवय लागली आणि 2005 मध्ये कंपनी भारतातल्या गिऱ्हाइकांसाठी उतरली. ऑगस्ट 2010 मध्ये नॅसडॅकवर लिस्टिंग झालं, 14 डॉलरला दिलेला शेअर पहिल्याच दिवशी 26 च्या वर बंद झाला. विमानाच्या तिकिटात सुटतं थोडं, खरा पैसा हॉटेलात, म्हणून पुढची सगळी मारामारी हॉटेलवरूनच झाली.

त्यात समोर होती गोआयबिबो, तसलीच बुकिंगची साइट, जिने गोकॅश (पुढच्या बुकिंगवर सूट देणारे पॉइंट) वाटून वाटून बाजार हलवला होता. दोघांनी डिस्काउंट देऊन पैसे जाळले आणि शेवटी जानेवारी 2017 मध्ये एकत्र आले. सोबत बसची तिकिटं विकणारी रेडबसही आली, म्हणजे दिवाळीत पुण्याहून नागपूरच्या ट्रॅव्हल्सची सीट शोधणारा माणूसही आता ह्यांचाच गिऱ्हाईक. गंमत म्हणजे अजूनही लोक एका टॅबमध्ये मेकमायट्रिप आणि दुसऱ्यात गोआयबिबो उघडून हॉटेलचे रेट ताडून बघतात, आणि कुठेही बुक केलं तरी पैसा एकाच गल्ल्यात जातो. हॉटेलवाल्यांना दुसरीकडे कमी रेट लावू न देण्याच्या अटींवरून 2022 मध्ये स्पर्धा आयोगाने 223 कोटी रुपयांहून जास्त दंडही ठोकला.

विलीनीकरणात सगळ्यात मोठा भागधारक झाली गोआयबिबोमागची दक्षिण आफ्रिकेची नॅस्पर्स. चीनच्या सीट्रिपने 2016 मध्येच 18 कोटी डॉलर घातले होते, 2019 मध्ये नॅस्पर्सने आपला हिस्सा सीट्रिपला देऊन बदल्यात सीट्रिपचेच शेअर घेतले, आणि भागधारकांची जवळपास अर्धी मतं चिनी कंपनीकडे गेली (तिचंच नाव पुढे ट्रिप डॉट कॉम ग्रुप झालं). तेव्हा फार कोणी लक्ष दिलं नाही. 2020 मध्ये गलवानला भारत-चीन सैनिकांची चकमक झाली आणि मग मात्र चिनी पैशाचा विषय सुटेना. मे 2025 मध्ये प्रतिस्पर्धी ईझमायट्रिपचे निशांत पिट्टी यांनी सैनिकांच्या सवलतीच्या तिकिटांची माहिती चीनच्या हाती जाऊ शकते, असे थेट आरोपच केले, मेकमायट्रिपने आपण भारतीयच असल्याचं सांगितलं. आरोप करणाराही त्याच धंद्यातला, हे लक्षात ठेवून वाचलेलं बरं.

पुढच्याच महिन्यात कंपनीने नवे शेअर आणि पुढे शेअरमध्ये बदलता येणारे रोखे विकून सुमारे 3 अब्ज डॉलर उभे करायला घेतले आणि त्यातून ट्रिप डॉट कॉमचेच शेअर परत घेतले, म्हणजे नवा मोठा मालक कोणी आलाच नाही, तो हिस्सा बाजारातल्या पैशाने मोडीत काढला. ट्रिप डॉट कॉमचं मतदानाचं वजन 45.34 टक्क्यांवरून 20 टक्क्यांच्या खाली आलं.