जुन्या लोखंडी सामानाचा गंज काढणं (खान्देश)

जुन्या दरवाज्याच्या बिजागऱ्या, कडी-कोयंडे, फाटकं, विहिरीवरची कप्पी, साखळ्या, नट-बोल्ट असं उन्हापावसात राहणारं लोखंड गंजलं की तो गंज काढायचा नाहीतर आहे तिथेच बसवायचा आणि वरून प्रायमर-रंग किंवा तेल-ग्रीस द्यायचं, या सगळ्या कामाला सरसकट गंज काढणं म्हणतात. (आपल्याकडे गंज म्हणजे पातेलं पण, त्याचा इथे संबंध नाही, आणि गव्हावरचा तांबेरा तर बुरशी आहे.)

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज धरतो. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो म्हणून पापुद्रे सुटतात, बिजागरी जाम होते, नट फिरत नाही. ॲल्युमिनियमवर जो थर येतो तो आतल्या धातूला झाकतो, लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत असतो, पाणी धरून ठेवतो आणि आत खातच जातो.

भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तिथे कसला आलाय गंज असं बऱ्याच जणांना वाटतं. उन्हाळ्यापुरतं ते खरंही आहे, हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या खाली असली की स्वच्छ लोखंड फारसं गंजत नाही. पण पावसाळा आहे, हिवाळ्यातलं दव आहे, आणि रावेर-यावल-चोपडा या केळीच्या पट्ट्यात तर बागेत कायमच ओल, त्यात केळीला पालाश भरपूर लागतं आणि नेहमीचं पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, त्यातला क्लोराइड लोखंडाला भयंकर खातो. त्यामुळे खताच्या खोलीच्या कडीला घरातल्या कडीपेक्षा जास्त जपावं लागतं. फाटकाचा खालचा भागही आधी जातो कारण रोज सकाळी अंगणात सडा, वर माती चिकटलेली, तो कधी नीट वाळतच नाही.

काम करायचं तर आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपास, हवा कोरडी असते. पण भर दुपारी नाही! तापलेल्या पत्र्यावर रंगातलं थिनर पटकन उडतं, रंग नीट पसरत नाही, फोड येतात. सकाळी लवकर करावं. पोळ्याला बैलांच्या शिंगांचा रंग उरला म्हणून तोच फाटकाला फासणारे पण आहेत, पोळा भर पावसाळ्यात येतो, तो रंग किती टिकणार ते सांगायला नको.

आधी तारेच्या ब्रशने किंवा खरवडून सुटा गंज काढायचा. लोखंड अगदी चांदीसारखं चकाकलंच पाहिजे असं काही नाही, घट्ट बसलेला पातळ थर राहिला तरी चालतो, सुटा राहिला तर वरचा रंग त्याच्यासकट निघून येतो. जुना रंग मात्र कोरडा घासू नये. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात ते बरंच असू शकतं आणि पूर्वी लोखंडाला अस्तर म्हणून शेंदूर लावायचे, तो तर शिशाचाच. ओलं करून घासा, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा.

कडी-कोयंडे, स्क्रू असं बारीक सामान लिंबूसताच्या पाण्यात, लिटरला 50 ते 100 ग्रॅम, काही तास बुडवून ठेवायचं, मग ब्रश मारून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढायचं म्हणजे आंबटपणा मरतो. पुसून लगेच वाळवायचं, नाहीतर बघता बघता पिवळसर नवा गंज धरतो. संडास साफ करायचं ॲसिड बरेच जण वापरतात, गंज पटकन निघतो म्हणून, पण त्यात पुन्हा क्लोराइडच, सांध्यात राहिलं की आठवड्यात परत लाल. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेलं) सामान ॲसिडात घालूच नये, गंजाआधी जस्तच विरघळतं.

फाटक काही बादलीत मावत नाही, त्याला रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजावरच लावायचं द्रावण. त्यात फॉस्फोरिक ॲसिड किंवा टॅनिन (झाडांच्या सालीत-फळांत असणारं तुरट द्रव्य) असतं, गंजाशी मिळून काळा, पाण्यात न विरघळणारा थर होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिळून जुनी काळी शाई व्हायची ती याच टॅनिन-लोखंडाच्या जोडीमुळे, बाभळीच्या सालीतही टॅनिन असतंच. डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यायचा, मग रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर इनॅमलचे दोन हात. नुसता रेड ऑक्साइड मारून वर्षभर सोडून देतात ते चूक, तो अस्तर आहे, पाऊस त्याच्यातून आत जातो. आणि आधी कोणी जळकं इंजिन ऑइल फासलं असेल तर थिनरने साफ पुसल्याशिवाय रंग धरणार नाही.

बिजागरीची खीळ, कप्पीचा आस, बोल्टचे आटे इथे रंग नकोच, दोन दिवसात घासून जातो. तिथे ग्रीस, पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीला जुनं पुसून परत एकदा, कारण आपल्याकडची धूळ ग्रीसमध्ये बसली की कानशीसारखी खीळ घासते.