पोरगं बाल न्याय मंडळापुढे आहे आणि व्यसनही आहे: उपचाराचा आदेश कसा मागायचा, कोणते कागद लागतात

मोबाइल चोरला, मोटारसायकल पळवली, मारामारीत कुणाचं डोकं फोडलं म्हणून पकडलेल्या पोरांच्या मागे पुष्कळदा गांजा, हातभट्टी, पंक्चरचं सोल्युशन नाहीतर धुळ्याकडे जिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती झोपेची गोळी असते. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 18 नुसार बाल न्याय मंडळ (18 वर्षांखालच्या पोरांवरच्या गुन्ह्यांच्या केसेस इथे चालतात) अशा पोराला व्यसनमुक्ती कार्यक्रमात जाण्याचा आदेश देऊ शकतं. तरीही कित्येक घरांच्या हाती तो आदेश पडत नाही, कारण मंडळापुढच्या कागदांत व्यसन हा शब्दच नसतो. घरच्यांनीच तो येऊ दिलेला नसतो.

शिरपूर तालुक्यातल्या एका मायने परिविक्षा अधिकाऱ्याला, म्हणजे पोराची माहिती काढून मंडळाला अहवाल देणाऱ्या साहेबांना, ठामपणे सांगितलं, “मना पोऱ्या तसा नही शे, दादा.” बाहेर आल्यावर तिने पदराची गाठ सोडली आणि पोराच्या खिशात सापडलेली गोळ्यांची रिकामी पट्टी मला दाखवली. “हे तेवढं सांगू नका.” तिसऱ्या रात्री निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना पोराला ठेवतात तिथे) पोराला झटके आले. रोज खाल्लेल्या झोपेच्या गोळ्या किंवा रोजची दारू एकदम बंद झाली की असं होऊ शकतं, जिवावरही बेततं. तिथल्या कुणालाच गोळ्यांचं माहीत नव्हतं. म्हणून पोरगं काय घेतं, किती, केव्हापासून, शेवटचं कधी घेतलं, हे पहिल्याच दिवशी लेखी द्या. पट्टी सापडली असेल तर तीही द्या.

व्यसन सांगितलं तर केस वाढेल, ही भीती मी घरोघरी ऐकतो. मंडळापुढचे पोराबद्दलचे अहवाल कायद्याने गोपनीय असतात, पोराचं नाव छापायलाही बंदी आहे. शिवाय पोराला दारू, गांजा किंवा तंबाखू देणाऱ्याला कलम 77 खाली 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. गोळी कुणी दिली हे सांगितलं, तर कायद्याचं बोट त्या देणाऱ्याकडेही वळतं.

आता मुदतीचं. परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल 15 दिवसांत मंडळापुढे जायचा असतो. हे 15 दिवस पोराला पहिल्यांदा मंडळापुढे उभं केलं त्या तारखेपासून मोजतात. लोक समजतात, साहेब घरी येतील तेव्हापासून. साहेब उशिरा येतात, घाईघाईत सवयींचा रकाना भरतात आणि पुढे सगळे तेच वाचतात. त्यांची वाट पाहू नका. जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात आपणच जा, व्यसनाची माहिती लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर हलू नका. तो तुमचा हक्क आहे.

वयाच्या पुराव्यावर तर निम्मी माणसं अडकतात. पिशवीतून आधार निघतं, रेशनकार्ड निघतं. कलम 94 मध्ये यातलं काहीच नाही. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा पालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, आणि तीही आदेशापासून 15 दिवसांत व्हायला हवी. धडगाव-अक्कलकुव्याकडे घरीच बाळंतपण झालेलं, नोंद नाही, पोरगं दुसरीतून शाळा सोडून आईबापाबरोबर गुजरातला ऊसतोडीला गेलेलं. पण दुसरीपर्यंत नाव होतं ना? मग आश्रमशाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळतो. हेलपाटा पडेल, पण आणाच. वय धरतात ते गुन्हा घडला त्या दिवसाचं. आज 18 पूर्ण झाली म्हणून पोरगं मंडळाबाहेर जात नाही.

उपचाराच्या आदेशाचा अर्ज साध्या कागदावर चालतो: प्रधान न्यायदंडाधिकारी, बाल न्याय मंडळ, यांच्या नावे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. मुलासाठी उत्पन्नाची अट नाही, तेव्हा तहसीलदाराचा दाखला मागितला तर हे तिथेच सांगा.

कुणाकडेच नसतो तो कागद म्हणजे सरकारी दवाखान्याचा व्यसनाबद्दलचा केसपेपर. कलम 18 चा आदेश चौकशीच्या शेवटी येतो आणि चौकशीलाच 4 महिने लागू शकतात. पोरगं जामिनावर घरी असेल तर उपचाराला आदेशाची गरजच नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. मानसोपचाराच्या ओपीडीत उद्याच जा. प्रत्येक भेटीचा केसपेपर जपा, आणि तारखेला त्याची झेरॉक्स अर्जाला जोडा. पोरगं निरीक्षणगृहात असेल आणि व्यसनाने त्याचं वागणं बदललेलं असेल, तर कलम 93 खाली त्याला रुग्णालयात हलवण्याचा अर्ज आजच करता येतो.

भरती करायची तर एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 प्रमाणे अल्पवयीन मुलाजवळ पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने पूर्ण मुक्काम राहावं लागतं. कापूस वेचणीत रोज बुडवून बाप किती दिवस थांबणार? चौथ्या दिवशी पोराला घेऊन परत गेलेले बाप मी पाहिलेत, त्यांना बोल लावायची माझी हिंमत नाही. मामा, आत्या, मोठा भाऊ, कोण कधी थांबणार हे भरतीआधीच ठरवा. मुलगी असेल तर सोबत बाईमाणूसच लागतं.

खाजगी केंद्रात पैसे भरण्याआधी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या नोंदणीची प्रत मागा. नाही म्हणाले, किंवा पोराला भेटू देत नाहीत असं कळलं, तर तिथे ठेवू नका.

गुन्ह्याच्या दिवशीच पोरगं 18 च्या पुढचं असेल आणि केस अमली पदार्थाच्या सेवनाची किंवा अल्प प्रमाणाची असेल (गांजासाठी ही मर्यादा 1 किलो), तर एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचं कलम 64अ वकिलाला दाखवा. सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत स्वतःहून पूर्ण उपचार घेतले तर खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढून घेता येते. कुठल्याही खाजगी केंद्राची महिन्याची पावती इथे कामाला येत नाही.

आणि दहा दिवसांनी डिस्चार्ज मिळाला म्हणजे उपचार संपले असं धरू नका. दहा दिवसांत अंगातलं उतरतं, ओढ उतरत नाही. निदान 3 महिने समुपदेशन चालू हवं, घरच्यांनीही त्यात बसायला हवं. मधेच पोराने पुन्हा घेतलं तर तारीख चुकवून त्याला लपवू नका, डॉक्टरांकडे न्या आणि त्या दिवसाचाही केसपेपर काढा. ऊसतोडीला जायचं असेल तर निघण्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याला लेखी कळवा: कुठे जातोय, कधी परतणार, औषध किती दिवसांचं बरोबर आहे. व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन 14446 आहे, मुलांसाठी 1098, वकिलासाठी 15100.