माळव्याचा काळा दगड आणि रियुनियनचा जागा डोंगर

महूजवळचा जानापाव हा जुना ज्वालामुखी, असं इंदुरात लहानपणापासून कानावर पडतं. कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेला गेलेली मंडळी माथ्यावरचं कुंड दाखवून तसंच सांगतात. पण माळव्याचा दगड काही एका डोंगराच्या तोंडातून आलेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला. त्यातला आज उरलेला पसाराच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा आहे. दोन लोटांमध्ये उसंत मिळाली की वरचा थर झिजून माती व्हायची, मग पुढचा लोट तिला झाकून टाकायचा. विहीर खणताना काळ्या दगडात मध्येच विटकरी पट्टा लागतो, तो बहुधा त्या उसंतीचा. आपली सोयाबीनची काळी शेतंही याच दगडाची माती.

एवढी उष्णता आली कुठून? भूशास्त्रज्ञांमध्ये वाद आहेत, पण बहुतेकांना मान्य असलेलं उत्तर असं : पृथ्वीच्या पोटात खोलवर उष्णतेचा एक झरा आहे आणि त्याच्यावरून भारत उत्तरेकडे सरकत गेला. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस ही त्या वाटेवरची ठिकाणं. दक्षिणेकडे जावं तसतसे तळाचे ज्वालामुखी खडक वयानं लहान होत जातात. मला हाच पुरावा सगळ्यात भक्कम वाटतो.

ही वाट आज मादागास्करच्या पूर्वेला, फ्रान्सच्या ताब्यातल्या रियुनियन बेटावर येऊन थांबते. इंदूर विषुववृत्ताच्या जितकं उत्तरेला, जवळजवळ तितकंच हे बेट दक्षिणेला. त्यावरचा पितों दे नेज (सुमारे ३,०७० मीटर) हजारो वर्षं निजलेला आहे. आग्नेयेकडचा पितों द ला फुर्नेज (सुमारे २,६३० मीटर) मात्र जगातल्या सर्वांत जाग्या ज्वालामुखींपैकी एक. सतराव्या शतकापासून त्याचे दीडशेहून जास्त उद्रेक नोंदले गेले आहेत. लाव्हा इथेही बसाल्टचाच, म्हणजे माळव्यासारख्या काळ्या दगडाचा, आणि पातळ, त्यामुळे मोठे स्फोट क्वचितच. बहुतेक वेळा तो समुद्राकडे उघड्या असलेल्या, वस्ती नसलेल्या खोलगट भागातच वाहतो. एप्रिल २००७ मध्ये इतका लाव्हा बाहेर पडला की माथ्यावरचं विवर तीनशेहून अधिक मीटर खचलं.

१९७७ मध्ये मात्र लाव्हा त्या खोलगट भागाबाहेर फुटला आणि पितों सेंट-रोझ गावात शिरला. घरं गेली. चर्चच्या दारापाशी येऊन त्यानं भिंतींना वळसा घातला. त्यानंतर १९७९ मध्ये तिथे वेधशाळा उभी राहिली. उद्रेकाआधी डोंगर किंचित फुगतो, बारीक भूकंपांची रांग लागते. ते मोजून तिथे आता लोकांना आधीच सावध केलं जातं.