पोट आधी रुळतं, जीभ मागाहून

नव्या शहरात, भाड्याच्या घरातलं अनोळखी स्वयंपाकघर. रात्रभर भिजवलेलं कडधान्य दोन तास उकळतंय, तरी दाणा बोटाखाली दबत नाही. येताना बरोबर आणलेलंच कडधान्य, भांडंही नेहमीचं. शेजारी ठेवलेल्या चहावर मळकट तवंग आलाय. ‘इथल्या कशालाच चव नाही’ असा निकाल पहिल्या आठवड्यात ज्या घासांवरून लागतो, त्यातले निदान काही घास असे बिघडलेले असतात. आणि यात दोष ना त्या शहराच्या खाण्याचा, ना स्वयंपाक करणाऱ्याचा. दोष नळाच्या पाण्याचा.

पाणी जड असलं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले, की असं होतं. दाण्यातल्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. शिजताना हे पेक्टिन विरघळतं आणि दाणा मऊ होतो. पण कॅल्शियम त्या पेक्टिनचे धागे एकमेकांना आणखी घट्ट बांधून टाकतं. मग गॅस कितीही मोठा करा, दाणा टणकच. भिजवताना चिमूटभर खायचा सोडा टाकला, तर पेक्टिन सैल पडतं. पाणी आधी उकळून, गार करून, वरचं निवळ घेतलं, तरी बऱ्याचदा काम भागतं. काही क्षार पांढरे होऊन तळाशी बसतात. किटलीच्या तळाला धरणारं पुट ते हेच.

पाण्याचा प्रश्न असा एका दुपारी सुटतो. शरीराचं तसं नाही, कारण शरीर एका तुकडीने स्थलांतर करत नाही. त्याचा प्रत्येक भाग आपापल्या चालीने त्या शहरात पोचतो.

भुकेचंच बघा. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं. यकृतालाही स्वतःचं घड्याळ असतं, पण ते जेवणाच्या वेळा बघतं. उंदरांना भलत्याच वेळी खायला घालून २००१ साली एक प्रयोग झाला. त्यात यकृताचं घड्याळ दोन दिवसांत दहा तासांनी सरकलं, मेंदूचं मात्र जागचं हललं नाही. अनेक कालपट्टे ओलांडून आलेल्या माणसात थोडंफार असंच होत असावं. रात्री तीनला भूक लागते आणि दुपारी समोर आलेलं चांगलं जेवणही नकोसं वाटतं. अशा वेळी भूक नसली तरी तिथल्या वेळेला थोडं खावं. रात्री तीनची भूक लाडावून ठेवली, तर ती आणखी काही दिवस मुक्काम ठोकते.

याच दिवसांत पोट बिघडलं तर दुसरा एक घोटाळा होतो. जॉन गार्सिया या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ साली दाखवलं, की उंदरांना गोड पाणी देऊन वर किरणोत्साराने आजारी पाडलं, तर ते नंतर त्या गोड पाण्याला तोंड लावत नाहीत. पाण्याने काहीच बिघडवलेलं नव्हतं, पण मेंदूने आळ त्याच्यावर घेतला. माणसाचा मेंदूही असाच आळ घेतो, आणि संशय सहसा नव्या चवीवर जातो. खाणं आणि उलटी यांत काही तास गेले तरी फरक पडत नाही. खरा अपराधी जंतू असला तरी शिक्षा त्या पदार्थाला होते, तीही कित्येकदा वर्षानुवर्षं. पहिल्या आठवड्यात आजारी पडलेल्या माणसाचं त्या शहराच्या खाण्याबद्दलचं मत मी तरी फारसं मनावर घेत नाही.

आतड्यातले जिवाणू मात्र कमालीचे झटपट रुळतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा जणांना काही दिवस केवळ प्राणिजन्य किंवा केवळ वनस्पतिजन्य आहार दिला. नवा आहार आतड्यापर्यंत पोचल्यावर एका दिवसात जिवाणूंची मांडणी बदलू लागली. आहार थांबवल्यावर ती जवळजवळ पूर्ववतही झाली. कायमच्या स्थलांतराची गोष्ट वेगळी आहे. आग्नेय आशियातल्या ह्मोंग आणि कारेन समाजांतल्या पाचशेहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काही थायलंडमध्येच राहणाऱ्या होत्या, काही अमेरिकेत गेलेल्या. अमेरिकेत गेलेल्यांच्या आतड्यांतल्या जिवाणूंची विविधता काही महिन्यांतच घटू लागली होती आणि तंतुमय पदार्थ पचवणारे काही जिवाणू दिसेनासे होत चालले होते. हा सगळा बदल निव्वळ ताटातल्या फरकाने समजावता येत नाही, ही त्यातली मला सर्वात कुतूहलाची वाटलेली गोष्ट.

मग जिभेलाच इतका वेळ का लागतो? खरं तर जिभेवरच्या चवीच्या पेशी साधारण दहा दिवसांत नव्या येतात. पण आपण ज्याला चव म्हणतो, तिचा मोठा भाग वासाचा असतो, चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचा. नाकात वास ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक, म्हणजे वासाचे रेणू टिपणारी प्रथिनं, असतात. त्यांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ साली लावला, आणि २००४ साली त्यांना नोबेल मिळालं. वासाची वाट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांशी फार जवळून जोडलेली आहे. म्हणून जिन्यात कुणाच्या तरी फोडणीचा ओळखीचा वास आला, की काय झालं ते कळायच्या आत डोळे भरून येतात.

१९५४ साली रिओ द जानेरोमधल्या एका भाषणात कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने परक्या संस्कृतीत बसणाऱ्या धक्क्याची लक्षणं सांगितली होती. सारखे हात धुणं आणि पिण्याचं पाणी, अन्न, अंथरूण यांची अतोनात काळजी करणं ही त्यांतली काही. आधी नवलाई, मग घसरण, मग सावरणं, हा त्याचा क्रम पुढे पाठ्यपुस्तकांत गेला. मला तो जरा जास्तच आखीव वाटतो. न्यूझीलंडमध्ये शिकायला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांच्या अभ्यासात सर्वात जास्त त्रास अगदी आल्या आल्याच दिसला. नवलाईला जागाच नव्हती!

आवड बदलते ती मात्र नक्की, फक्त गुपचूप. १९८२ साली काही जणांना पाच महिने कमी मिठाच्या आहारावर ठेवलं होतं. हळूहळू त्यांना सूपमध्ये पूर्वीपेक्षा कमी मीठ बरं लागू लागलं. ज्याच्या शहरात मीठ बेताचं असतं, त्याला हा बदल तिथे राहून कळत नाही. तो कळतो सुट्टीत घरी आल्यावर, आयुष्यभर खाल्लेल्या पदार्थाचा पहिला घास घेताना. तो थबकतो, पाण्याचा पेला ओढतो आणि विचारतो, “आज मीठ जास्त पडलंय का गं?”