पेटीवाल्या काकांची बोटं आणि मिडीचे आकडे

खानापूरकडचं एक भजनी मंडळ बेळगावात आमच्या घरी अभंग रेकॉर्ड करायला आलं होतं. पेटीवाल्या काकांच्या पेटीचा भाता नेमका फाटलेला, म्हणून मी त्यांच्यापुढं मिडी कीबोर्ड ठेवला (मिडी म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती भाषा), लॅपटॉपवर पेटीचा आवाज लावला आणि म्हटलं काका, वाजवा आता. हात एकदम तयार त्यांचा, नामवंत पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांच्या बेळगावात पेटीला कान देणारी माणसं काय कमी नाहीत, पण ऐकताना एक सूर अंगावर यायचा आणि पुढचा ऐकूच यायचा नाही.

कारण असं की मिडीच्या वायरीतनं आवाज जातच नाही, जातात ते नुसते आकडे. काकांनी पांढरी एक दाबली की तीन आकडे निघतात, समजा 144, 60, 95. 144 म्हणजे 'पहिल्या चॅनलवर सूर चालू' (चॅनल म्हणजे एकाच वायरीतले वेगवेगळ्या वाद्यांसाठीचे मार्ग), 60 म्हणजे कुठला सूर, आणि 95 म्हणजे व्हेलॉसिटी, पट्टी किती जोरात दाबली ते, 127 पर्यंत. आता पेटीवर पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाजात फरक पडत नाही, लहानमोठा आवाज भात्यावर असतो. म्हणजे काकांच्या बोटांना जोर सांभाळायची कधी गरजच पडलेली नाही, आणि कीबोर्ड मात्र तो जोर मोजून इमानदारीनं पाठवतोय. माझ्या मते मिडी फिल्टर लावताना पहिला प्रश्न हाच विचारायला पाहिजे, की हा आकडा वादकानं मनानं पाठवलाय की आपोआप गेलाय?

सॉफ्टवेअरमध्ये यावर दोन कामं करता येतात. फिल्टर म्हणजे नको तो मेसेज अडवणं, ट्रान्सफॉर्म म्हणजे मेसेज जाऊ देणं पण त्यातला आकडा बदलणं. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरांपैकी क्यूबेसमध्ये लॉजिकल एडिटर आहे, लॉजिक प्रो मध्ये ट्रान्सफॉर्मर, एबलटन लाइव्हमध्ये व्हेलॉसिटी आणि स्केल, नावं वेगळी पण काम तेच. काका पट्टी दाबून धरायचे तेव्हा आफ्टरटचच्या, म्हणजे दाबून धरलेल्या पट्टीवर किती दाब आहे ते सांगणाऱ्या, मेसेजांची नुसती रांग लागायची, पेटीला त्याचा काही उपयोग नाही, ते सरळ अडवले. व्हेलॉसिटीला नियम दिला, आकडा अर्धा कर आणि 40 मिळव. 20 चे झाले 50, 120 चे झाले 100, सूर बरेचसे एका पातळीवर आले.

आणि दुसऱ्याच ओळीला सा अडकला. काकांनी हात उचलला तरी थांबेना. मृदंगवाले आजोबा म्हणाले, "आरं, पेटी एकटीच वाजाय लागल्या की!"

हे का झालं ते समजून घेण्यासारखं आहे. मिडी 1983 साली आलं, सिंथेसायझर बनवणारे डेव्ह स्मिथ आणि रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारानं, आणि तेव्हाच्या स्वस्त चिप्सना झेपेल असा वेग ठरला, सेकंदाला 31,250 बिट. एक आकडा म्हणजे एक बाइट, आणि एका बाइटला 10 बिट लागतात, म्हणजे तीन आकड्यांच्या एका सुराला साधारण एक मिलिसेकंद. एका सुराला काही नाही, पण दहा बोटं आणि चार वाद्यं एकाच वायरीवर आली की गर्दी होते, म्हणून एक सवलत ठेवली, मागचाच प्रकार पुन्हा असेल तर पहिला आकडा पाठवायची गरज नाही, तीनऐवजी दोन बाइटात काम. पण सूर बंद करायचा मेसेज वेगळा, 128 चा, तो मध्ये आला की ही बचत तुटते. म्हणून नियम केला की 'सूर चालू, व्हेलॉसिटी 0' याचाच अर्थ सूर बंद धरायचा. बरेच कीबोर्ड आजही असंच बंद करतात. आता माझा नियम बघा, 0 चा अर्धा 0, त्यात 40 मिळवले, झाले 40. बंद करायचा निरोप मी स्वतःच चालू करायचा करून टाकला! काही सॉफ्टवेअर 0 आलं की आधीच त्याचं नोट ऑफ, म्हणजे 128 चा बंद मेसेज, करून घेतात, माझ्या साखळीत तसं होत नव्हतं. नियमाला एक अट जोडली, व्हेलॉसिटी 0 पेक्षा जास्त असेल तरच बदल, आणि सा सुटला.

असाच घोळ गाण्याची पट्टी बदलताना होतो. बुवांना काळी एक पाहिजे होती म्हणून एक मिळवला, 60 चे 61. आता सूर दाबलेला असताना कुणी ते काळी दोन केलं, तर हात उचलल्यावर बंदचा निरोप 63 ला जाणार आणि 61 तसाच वाजत राहणार. चांगलं ट्रान्सपोज, म्हणजे पट्टी बदलणारं, सॉफ्टवेअर म्हणून लक्षात ठेवतं की कुठल्या चॅनलवरच्या कुठल्या सुराचं काय केलं होतं, 16 चॅनल गुणिले 128 सूर, 2,048 घरांचा छोटासा तक्ताच तो.

व्हेलॉसिटी सपाट केली तरी भात्याचा श्वास काही येईना. मग एक्स्प्रेशन पेडल लावलं, ते 11 नंबरचा कंट्रोलर, म्हणजे आवाज लहानमोठा करायचा मेसेज, पाठवतं, तो पेटीच्या आवाजाच्या पातळीला जोडला. अर्धा तास काकांचा पाय नीट बसेना, मग बसला, आणि अभंगाच्या शेवटच्या ओळीला आवाज खरोखर भात्यासारखा फुगून खाली आला.

एक मात्र केलं, सगळे बदल ऐकू येणाऱ्या आवाजासाठी लावले, फाइलमध्ये रेकॉर्ड होणाऱ्या आकड्यांना नाही. येतानाच बदललेला किंवा अडवलेला आकडा परत मिळत नाही. काकांच्या बोटांचे ते खालीवर जोराचे आकडे फाइलमध्ये आहेत तसेच आहेत.