पाणी उडतं, मीठ उरतं

६० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद, ४५ सेंमी उंच. पहिल्या रीफ टँकसाठी, म्हणजे खाऱ्या पाण्यात प्रवाळ आणि मासे ठेवायच्या काचेच्या टाकीसाठी, हे माप बरं. वरची थोडी जागा सोडून वाळू आणि खडक घातले की आत साधारण १०० लिटर पाणी मावतं. एप्रिलमधल्या सांगलीत, वर पंखा फिरत असेल तर, या टाकीची पातळी दिवसाला सेंटीमीटरभर उतरू शकते. ६० गुणिले ४५, म्हणजे एका सेंटीमीटरला २.७ लिटर. उडतं ते नुसतं पाणी, मीठ आतच राहतं. तासगावच्या बेदाणा शेडवर द्राक्षाचं होतं तेच इथे होतं. लिटरला ३५ ग्रॅम असलेली क्षारता संध्याकाळपर्यंत ३६ होते. चार दिवस लग्नाला जाऊन आलात तर ३९.

म्हणून काचेवर पांढऱ्या टेपची एक पट्टी चिकटवावी आणि पाणी रोज तिथवर आणावं, तेही गोड्या पाण्यानं. नवखे इथेच चुकतात. पाणी कमी झालं म्हणून मिठाचंच पाणी ओततात आणि आठवड्याभरात टाकी खारवून टाकतात. पातळी उतरली की बादलीतून आपोआप पाणी भरणारा, फ्लोटवर चालणारा ऑटो टॉप-अप लावला तर सुटका होते, पण त्याची बादली १० लिटरपेक्षा मोठी नको. फ्लोटवर गोगलगाय बसली की पंप थांबत नाही. १० लिटर जादा गेले तर क्षारता ३२च्या आसपास येते, त्यातून निभावतं. ५० लिटरचा ड्रम रिकामा झाला तर निभावत नाही.

गोडं पाणी म्हणजे नळाचं नव्हे. कृष्णेचं पाणी शुद्ध होऊन आलं तरी त्यात क्लोरीन असतं, बोअरच्या पाण्यात क्षार असतात. माणसाला ते चालतं. टाकीत मात्र रोजच्या भरीबरोबर आलेला प्रत्येक मिलिग्रॅम साचत जातो. घरातल्या आरओवरही भरवसा ठेवू नये. चव यावी म्हणून त्यात थोडं कच्चं पाणी किंवा खनिजं मिसळलेली असतात आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ५० ते १०० दाखवतो. आपल्याला शून्य हवा. आरओच्या पडद्यानंतर, मिनरल कार्ट्रिजच्या आधी, पाणी काढून घ्यावं आणि ते डीआय रेझिनमधून, म्हणजे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांतून, सोडावं. टीडीएस मीटर एक-दोन दाखवू लागला की रेझिन बदलायचं.

मालवणहून कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणण्याचा मोह इकडे अनेकांना होतो. खाडीच्या तोंडाशी, त्यातून पावसाळ्यात, ते पाणी पातळ असतं, आणि त्यातले सूक्ष्म जीव घाट चढेपर्यंत मरून कुजू लागतात. स्वयंपाकाचं मीठही नको. समुद्रातल्या क्षारांत वजनानं ८५ टक्के सोडियम आणि क्लोराइड असले, तरी प्रवाळ जगतं ते उरलेल्या मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेटवर. तयार रीफ सॉल्टच घ्यावं. २० लिटर पाण्याला साधारण ७५० ग्रॅम. नेमका आकडा पिशवीवर असतो. आधी पाणी, मग पंप चालू ठेवून थोडं थोडं मीठ. उलट केलं, मिठावर पाणी ओतलं, तर कॅल्शियम कार्बोनेट साका होऊन तळाशी बसतं आणि परत विरघळत नाही. रात्रभर फिरू द्यावं. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, तोही ३५च्या प्रमाण द्रावणावर जुळवलेला.

बादली नवी कोरी असावी. या भागात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण घरात सापडणारी मोठी बादली बऱ्याचदा द्राक्षबागेची असते. द्राक्षावरच्या डावणी रोगासाठी फवारतात त्या बोर्डो मिश्रणात मोरचूद, म्हणजे तांबं असतं. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तांबं माशांच्या परजीवींवर औषध म्हणून चालतं, पण कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ तेवढ्यानं मरतात. तांबं उडून जात नाही. खडकात आणि वाळूत शिरून महिनोन् महिने थोडं थोडं सुटत राहतं. फवारणी करून आलेला हात साबणानं धुतल्याशिवाय टाकीत जाऊ नये. जुनी टाकी घेताना आत कधी तांब्याचं औषध टाकलं होतं का, ते विचारावं. पाण्याच्या वाटेत पितळी तोटीही नको.

खडकासाठी कोरडा ड्राय रॉक ८ ते १० किलो पुरतो. तो थेट काचेवर टेकवून रचावा आणि मग भोवती वाळू टाकावी. वाळूवर रचला तर बिळं करणारी कोळंबी पायाच उकरते. वाळू अ‍ॅरगोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची), तीन सेंटीमीटर थराला साधारण १२ किलो. नदीची वाळू वापरू नये. किनाऱ्यावरून प्रवाळाचे तुकडे तर उचलूच नयेत. सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या अनुसूची १ मध्ये आहेत, समुद्रघोडेही. दुकानदार काहीही म्हणो, घरच्या टाकीला कायद्याची वेगळी सूट नाही. सुरुवात मऊ प्रवाळांनी करायची; नवख्याला तेच झेपतात.

सगळं भरल्यावर टाकीचं वजन दीडशे किलोच्या वर जातं. स्टँड स्पिरिट लेव्हल लावूनच बसवावं. सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर राहणाऱ्यांना टाकी कुठे ठेवायची हे वेगळं सांगायला नको. २०१९च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं.

आता मासे आणायचे नाहीत. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया सुटतो. तो खाऊन नायट्राइट करणारे जिवाणू आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे दुसरे, हे दोन्ही खडकावर वसायला चार ते सहा आठवडे लागतात. समुद्राच्या पाण्यात घाई जास्त महागात पडते, कारण पीएच ८.२ असतो. पीएच ७ला अमोनियातला शंभरात एक भागही विषारी रूपात नसतो, ८.२ला पाच-आठ भाग असतो. अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर (लिटरला २ मिलिग्रॅम) न्यावा, बाटलीतले जिवाणू सोडावेत आणि दोन-तीन दिवसांनी मोजत राहावं. २ पीपीएमचा डोस २४ तासांत शून्य होऊन नायट्राइटही शून्य दिसलं, की टाकी पिकली. मधल्या काळात काचेवर तपकिरी साय येते. ते डायटम नावाचं सूक्ष्म शैवाल, आपोआप ओसरतं. त्यासाठी रसायन ओतू नये.

तापमान २४ ते २७ अंश. मऊ प्रवाळांच्या पेशींत राहणारी शैवालं बरंचसं अन्न पुरवतात; पाणी ३०च्या वर राहिलं की हे भाडेकरू निघून जातात आणि प्रवाळ पांढरं पडतं. स्लॅबखालच्या खोलीत मे महिन्यात खोलीच ३५ला पोहोचते. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी, म्हणून पाण्यावर तिरका पंखा लावला तर दोन-तीन अंश सहज उतरतात, पण ३५वरून २७ होत नाही. तिथे चिलर किंवा एसीची खोलीच लागते. हिवाळ्याच्या रात्रींसाठी १०० वॉटचा हीटर.

लाटांसाठी तासाला २००० ते ३००० लिटरचा वेव्हमेकर, सोबत फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा स्किमर. वीज गेली की आधी प्राणवायू संपतो: २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरला ८ मिलिग्रॅमच्या वर मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास, आणि पाणी तापलं की आणखी कमी. म्हणून इन्व्हर्टरवर निदान वेव्हमेकर घ्यावा. तो पृष्ठभाग हलता ठेवेल एवढा वर रोखलेला असावा.

पहिले मासे क्लाउनफिशची एक जोडी, हॅचरीत वाढवलेली. पुढे महिन्याभरानं दोन-चार गोगलगायी आणि एखादी क्लीनर कोळंबी. दर आठवड्याला १० लिटर पाणी बदलत राहिलं आणि अल्कलिनिटी (पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप) ८ डीकेएच या एककाच्या आसपास टिकली, तर तिसऱ्या महिन्यात मशरूम आणि झोअँथिड ही सोपी प्रवाळं लावता येतात. प्रकाश आधी सहा तास, मग आठ. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावाच. त्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. ते चिकटलेला खडक कधीही उकळू नये किंवा गरम पाण्यानं घासू नये, वाफेनं माणसं दवाखान्यात पोहोचली आहेत.

क्लाउनफिश आले की घरातली मुलं अ‍ॅनिमोनी मागतात, म्हणजे क्लाउनफिश ज्याच्या शुंडांत राहतो तो फुलासारखा समुद्री प्राणी. वर्षभर तरी आणू नये. जागा पसंत पडली नाही तर तो रात्री चालू लागतो, वेव्हमेकरच्या जाळीत ओढला जातो आणि सकाळपर्यंत त्याचा चेंदामेंदा १०० लिटरभर पसरलेला असतो. आणायचाच असेल, तर आदल्या दिवशी वेव्हमेकरला स्पंज गुंडाळावा.